वाचकांचे प्रश्न : जपानच्या गरम झऱ्यांवर सहकुटुंब मुक्काम

दिवाळीच्या सुटीत जपानला जायचा बेत मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत ठरतोय, असं या महिन्याच्या पत्रांवरून दिसतं. टोकियो-क्योटोबद्दल कुणी फारसं विचारलेलं नाही. बहुतेक प्रश्न एका रात्रीबद्दलचे आहेत: गरम झऱ्याच्या गावातल्या रियोकानमधली रात्र. रियोकान म्हणजे जुन्या जपानी पद्धतीचं मुक्कामाचं घर. तातामी या चटयांची जमीन, रात्री अंथरल्या जाणाऱ्या गाद्या, रात्रीचं आणि सकाळचं जेवण तिथेच, आणि ओनसेन, म्हणजे झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह. हॉटेलात पोचल्यावर काउंटरवर सांगून बरंच काही बदलून मिळतं. रियोकानमध्ये ताटं, गाद्या आणि जेवणाच्या वेळा माणशी आधीच ठरलेल्या असतात. म्हणून खालच्या उत्तरांत ‘बुकिंग करतानाच सांगा’ हे वारंवार येईल. ते टाळता येण्यासारखं नाही.

आम्ही नवरा-बायको, आई, नऊ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. एकच खोली घेतली तर स्वस्त पडेल ना? एकूण किती धरावेत?
– एक वाचक, लातूर

खोली एक असली तरी दर माणशी असतो, त्यामुळे ‘एका खोलीत पाच’ हा हिशेब इथे चालत नाही. साधारण बऱ्या रियोकानचा दोन जेवणांसह दर माणशी १५,००० ते ३०,००० येन असतो. शनिवारी आणि सुट्यांच्या दिवसांत तो चढतो. मुलांचे दर टप्प्यांत असतात: मोठ्यांसारखं ताट आणि गादी घेतली तर साधारण ७० टक्के, मुलांचं ताट आणि गादी घेतली तर ५० टक्के, नुसती गादी घेतली तर त्याहून कमी. बारा-तेरा वर्षांपुढे पूर्ण दर लागतो.

तुमच्या कुटुंबाचा २०,००० येन दरानं हिशेब असा: तीन मोठ्यांचे ६०,०००, मुलाचे ७० टक्क्यांनी १४,०००, मुलीचे ५० टक्क्यांनी १०,०००. झाले ८४,०००. त्यावर स्नानकर लागतो, तो बहुतेक गावांत मोठ्या माणसामागे रात्रीचे १५० येन असतो आणि बारा वर्षांखालच्या मुलांना सहसा माफ असतो. म्हणजे ४५० येन आणखी. येन साठ पैशांचा धरला तर एकूण पन्नास हजार सहाशे रुपयांच्या आसपास. स्नानकर अनेक ठिकाणी निघताना रोख मागतात, तेव्हा थोडे सुटे येन जवळ असू द्या. बक्षिसी देऊ नका, तशी पद्धतच नाही.

खोलीचं माप चटयांच्या संख्येत सांगतात. दहा चटयांची खोली साधारण पावणेदोनशे चौरस फूट भरते. तिच्यात पाच गाद्या शेजारी शेजारी बसतात, पण मग चालायला जागा उरत नाही. आई सोबत आहेत, त्यांना रात्री उठावं लागत असेल तर बारा चटयांची खोली मागा. आणि बुकिंगच्या पानावर प्रौढांच्या रकान्यात मुलं किंवा मुलांच्या रकान्यात आई असा घोळ होऊ देऊ नका. स्वयंपाकघर त्या आकड्यावर सामान आणतं. पाच वर्षांच्या मुलीला ‘जेवण नको’ असं नोंदवून ऐन वेळी ताट मागितलं तर ते मिळेलच असं नाही.

रद्द करण्याचे नियमही वाचून घ्या. सर्वसाधारणपणे काही दिवस आधी २० ते ३० टक्के, आदल्या दिवशी ५० टक्के आणि त्याच दिवशी पूर्ण रक्कम जाते. विमान उतरतं त्याच रात्रीचं बुकिंग करू नका. खोली तीनच्या सुमारास मिळते आणि रात्रीचं जेवण हवं असेल तर बहुतेक ठिकाणी सहापर्यंत पोचावं लागतं. उशीर झाला तर जेवण जातं, पैसे परत मिळत नाहीत. स्टेशनावरून रियोकानची गाडी न्यायला येत असली तरी आपल्या रेल्वेची वेळ आधी कळवली तरच ती येते.

आम्ही किनवटकडच्या उनकेश्वरला जातो तेव्हा कुंडात अंगावरच्या कपड्यांनिशी उतरतो. जपानमध्ये म्हणे सगळ्यांसमोर कपडे काढून उतरावं लागतं. घरातल्या बायकांना हे कसं जमायचं? पोहण्याचा पोशाख चालत नाही का?
– एक वाचक, नांदेड

पोहण्याचा पोशाख चालत नाही. साडी, बनियन, चड्डी, काहीच चालत नाही. पण ‘सगळ्यांसमोर’ हा गैरसमज आहे. पुरुषांचं आणि बायकांचं स्नानगृह वेगळं असतं आणि दारावर पडदा असतो, बहुधा पुरुषांसाठी निळा आणि बायकांसाठी लाल. मात्र पडद्याच्या रंगाकडे लक्ष ठेवा. पुष्कळ रियोकानमध्ये दोन्ही स्नानगृहांचा आनंद सर्वांना मिळावा म्हणून रात्रीत पडदे बदलतात. काल संध्याकाळी जिथे पुरुष गेले, तिथे आज पहाटे बायका असतात. झोपेत सवयीनं कालच्याच दारात शिरणं ही पाहुण्यांकडून होणारी नेहमीची चूक आहे.

कपडे न चालण्यामागे कारण आहे. बऱ्याच कुंडांत झऱ्याचं पाणी क्लोरीन न घालता सतत वाहतं ठेवलेलं असतं. कपड्यातला साबण, घाम आणि धूळ त्यात उतरली की पाणी खराब होतं. म्हणूनच अंग बाहेर धुवायचं आणि कुंड फक्त शेकण्यासाठी वापरायचं. उनकेश्वरला पावसाचं पाणी भेगांतून खोल जाऊन, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं तापून वर येतं. जपानमध्ये बहुतेक झऱ्यांखाली ज्वालामुखीची उष्णता आहे, त्यामुळे एकेका गावात पाण्याचा वास, रंग आणि आम्लता पार वेगळी असते. १९४८ च्या तिथल्या कायद्यानुसार उगमाशी २५ अंश किंवा त्याहून गरम असलेलं, नाहीतर ठरलेल्या खनिजांपैकी एखादं पुरेशा प्रमाणात असलेलं पाणी ओनसेन मानलं जातं. कपडे बदलायच्या खोलीत एक फलक असतो. त्यावर पाण्यातली द्रव्यं लिहिलेली असतात, आणि २००५ पासून पाणी तापवलंय का, त्यात साधं पाणी मिसळलंय का, फिरवून वापरलंय का, क्लोरीन घातलाय का हेही लिहावं लागतं. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा फलक आधीच वाचून घ्या.

आत काय करायचं ते क्रमानं सांगतो. चपला बाहेर काढून ठेवा. कपडे टोपलीत ठेवा, मोठा टॉवेलही तिथेच राहू द्या. छोटा टॉवेल फक्त आत न्या. भिंतीलगत बुटके स्टूल, हातातला फवारा, साबण आणि शॅम्पू मांडलेले असतात. स्टूलवर बसूनच आंघोळ करा, उभ्यानं केली तर शिंतोडे शेजारच्यावर उडतात. नळ ठरावीक वेळानं आपोआप बंद होतो, तो बिघडलेला नसतो, पुन्हा दाबायचा. डोक्याला तेल असेल तर ते पूर्ण निघेपर्यंत शॅम्पू करा, कारण तेलाची तवंग कुंडात लगेच दिसते. हळद-कुंकू, काजळ, सगळं इथेच धुवून टाका. केस बांधून वर घ्या. साबण पूर्ण गेल्यावर स्टूल धुवून जागेवर ठेवा. मग कुंडाकाठच्या बादलीतलं गरम पाणी तांब्या-तांब्यानं पायांवर, मांड्यांवर, शेवटी खांद्यांवर घ्या आणि सावकाश उतरा. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. बाहेर येताना दाराच्या आत अंग पुसून मगच कपड्यांच्या खोलीत पाऊल टाका. तिथली जमीन ओली करणं अगदीच वाईट दिसतं.

एवढ्यानंही संकोच जात नसेल तर त्यावरचा सरळ उपाय ‘काशिकिरी-बुरो’ आहे, म्हणजे कुटुंबासाठी तासाभरापुरतं राखून दिलेलं कुंड. वेळ सहसा ४५ ते ५० मिनिटांची, भाडं २,००० ते ४,००० येन, काही ठिकाणी मोफत. दार आतून लावायचं आणि नवरा-बायको, लेकरं, सगळ्यांनी एकत्र बसायचं. संध्याकाळच्या ४ ते ६ आणि ८ ते ९ या वेळा आधी जातात, तेव्हा बुकिंगच्या वेळीच मागा, नाहीतर खोलीची चावी घेतानाच नोंदवा. खोलीलाच उघडं कुंड जोडलेला प्रकारही मिळतो, तो महाग पडतो, पण लाजाळू कुटुंबाला तोच बरा.

मुलांबद्दल एक नियम पक्का लक्षात ठेवा. जपानच्या आरोग्य मंत्रालयानं २०२० मध्ये दिलेल्या सूचनेप्रमाणे साधारण सात वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलानं आईसोबत बायकांच्या किंवा मुलीनं बापासोबत पुरुषांच्या स्नानगृहात जाऊ नये. लातूरच्या वाचकांचा नऊ वर्षांचा मुलगा म्हणूनच वडिलांसोबत जाईल. लंगोटातल्या बाळाला मोठ्या कुंडात सहसा परवानगी नसते, त्याला खोलीतल्या किंवा राखून घेतलेल्या कुंडात न्या. मासिक पाळीच्या दिवसांत सार्वजनिक कुंड टाळावं.

सासऱ्यांचं वय ७२. रक्तदाब आणि साखर दोन्ही आहे, इन्सुलिन घेतात. त्यांना कुंडात न्यावं का?
– एक वाचिका, जालना

प्रवासाला निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना ‘४० ते ४३ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसणार’ असं नेमकं सांगून विचारा. नुसतं ‘गरम पाण्यानं आंघोळ’ म्हटलं तर उत्तर चुकीचं मिळेल, कारण आपल्या बादलीतलं पाणी इतका वेळ इतकं गरम राहत नाही.

डॉक्टरांनी हो म्हटलं तरी पुढच्या गोष्टी पाळा. मोठ्या स्नानगृहात बहुधा दोन-तीन कुंडं असतात. त्यातलं ४० अंशांच्या आसपासचं निवडा, ४२ च्या वरचं त्यांच्यासाठी नको. छातीपर्यंत न बुडता कुंडातल्या पायरीवर कमरेपर्यंत बसू द्या. पहिल्यांदा पाच मिनिटं, सवय झाल्यावर फार तर दहा. उठताना कठड्याला धरून टप्प्याटप्प्यानं उठायचं. गरम पाण्यानं रक्तवाहिन्या फुगतात, एकदम उभं राहिलं की रक्तदाब घसरतो आणि चक्कर येते. ओली फरशी, चक्कर आणि दगडाची कड एका ठिकाणी आली की पडण्याचा धोका मोठा. सासऱ्यांसोबत घरातलं पुरुष माणूस आत असलंच पाहिजे, कारण तुम्हाला तिथे जाता येणार नाही.

हिवाळ्यात थंड खोलीतून उघड्या कुंडाकडे आणि कुंडातून परत थंडीत जाणं हेही हृदयाला जड जातं. उघडं कुंड त्यांनी नुसतं पाहावं, बसावं आतल्या कुंडातच. जेवल्यावर लगेच, दारू घेतल्यावर आणि पहाटे एकटं जाणं पूर्ण वर्ज्य. आधी पेलाभर पाणी प्या, नंतर पुन्हा प्या.

इन्सुलिनचं वेगळं सांगायला हवं. टोचलेल्या जागी उष्णता लागली की इन्सुलिन रक्तात लवकर उतरतं आणि साखर खाली येते. तेव्हा इंजेक्शन घेऊन लगेच पाण्यात उतरू नका. खोलीत पोचल्यावर चहासोबत छोटी मिठाई ठेवलेली असते. ती शोभेची नाही, रिकाम्या पोटी स्नानाला जाऊ नये हाही तिच्यामागचा हेतू आहे. सासऱ्यांनी ती खावी की बिस्किट खावं, हे त्यांच्या साखरेच्या आकड्यावर ठरवा. मधुमेहानं पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाणी किती गरम आहे हे पायाला कळत नाही, म्हणून हातानं तपासल्याशिवाय पाय घालू नका. रात्रीचं जेवण तिथे सहा-साडेसहाला, म्हणजे आपल्या घड्याळात दुपारचे अडीच-तीन. पहिल्या दोन दिवसांत डोसच्या वेळा कशा सरकवायच्या हेही डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

औषधं चिठ्ठीसह मूळ पाकिटात न्या. डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि स्वतः टोचायचं इन्सुलिन एक महिन्यापुरतं नेता येतं, जास्त असेल तर आधी परवाना लागतो. आणि घरातली सर्दीची गोळी पिशवीत टाकण्याआधी पाकीट वाचा: स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या आणि कोडीनचं खोकल्याचं औषध जपानमध्ये अडचणीत आणू शकतं. ती घरीच ठेवा.

आमच्या घरात माळ आहे. मांस, मासे, अंडं चालत नाही. आईला कांदा-लसूणही नाही आणि एकादशीला उपवास असतो. रियोकानमध्ये ‘व्हेजिटेरियन’ म्हणून सांगितलं की झालं का?
– एक वाचिका, परभणी

झालं नाही. हेच या मुक्कामातलं सगळ्यात अवघड कोडं आहे आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. ताटात भाजी दिसते, पण ती दाशी नावाच्या रश्श्यात शिजलेली असते आणि दाशी बहुधा कात्सुओबुशीची असते, म्हणजे वाळवून, धुरवून किसलेल्या बोनिटो माशाची. मिसो सूप, शिजवलेला भोपळा, सोयाबीनच्या शेंगा, लोणचं, टोफूवर भुरभुरलेला पातळ तांबूस कीस, सगळीकडे तोच मासा असू शकतो. वाफवलेला चवानमुशी हा पिवळा कस्टर्ड अंड्याचा असतो, तोही दाशीतला. तेम्पुरा या भज्यांच्या पिठात अंडं असू शकतं. आचाऱ्याच्या दृष्टीनं मासा ताटात नाही म्हणजे झालं शाकाहारी, त्यात फसवणूक नसते. नुसता ‘व्हेजिटेरियन’ शब्द म्हणूनच उपयोगाचा नाही.

बुकिंगसोबत अशी यादी पाठवा: मांस, मासे, कोळंबी, शिंपले, अंडं नको, माशाची दाशी नको, कोंबु या समुद्री शेवाळाची आणि शिताके अळंब्यांची दाशी चालेल, कांदा-लसूण नको, दूध चालतं. तिथे बोलून दाखवायला हे वाक्य कागदावर लिहून न्या: ‘निकु, साकाना, एबी, काई, तामागो वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु. कोंबु तो शिताके नो दाशी वा दाइजोबु देसु.’ कांदा म्हणजे तामानेगी, लसूण म्हणजे निन्निकु. अळंबी आईला चालत नसेल तर यादीतून शिताके आणि वाक्यातून ‘तो शिताके’ वगळा.

मुक्कामाच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा विचारून लेखी होकार घ्या. रियोकाननं ‘जमणार नाही’ कळवलं तर वाईट वाटून घेऊ नका, घासाघीस तर मुळीच करू नका. न जमणाऱ्यानं हो म्हणण्यापेक्षा ते बरं. मग एकतर जेवणाशिवाय नुसता मुक्काम घ्या, पण गावात शाकाहारी खाण्याची सोय असेल तरच. नाहीतर ओसाकापासून दोनेक तासांवरच्या कोयासानला जा. बौद्ध भिक्षू कुकाई यांनी नवव्या शतकात वसवलेल्या या डोंगरावरच्या गावात पन्नासच्या आसपास मठांत पाहुण्यांची सोय आहे. तिथलं शोजिन-र्योरी हे मठाचं जेवण मूळचंच मांस-मासे आणि कांदा-लसणाविना असतं. तिळाचा गोमा-दोफू, गोठवून वाळवलेला टोफू, दुधासारख्या सोया-रसावरची साय म्हणजे युबा, भात आणि लोणचं. तुमच्या आईला परक्या देशातलं ताट इतक्या निर्धास्तपणे दुसरीकडे कुठे खाता येणार नाही. सकाळच्या प्रार्थनेलाही बसता येतं. मात्र सगळ्याच मठांत गरम झरा नसतो, झऱ्याचं पाणी हवंच असेल तर आधी विचारा.

उपवासाचं रियोकानच्या स्वयंपाकघराला समजावणं कठीण आहे. सोपी मागणी करा: वाफवलेलं सात्सुमाइमो, म्हणजे रताळं, फळं आणि गरम दूध. बाकीची तयारी घरून: राजगिऱ्याचे लाडू, राजगिऱ्याच्या लाह्या, शेंगदाण्याची चिक्की. एकादशीच्या दिवशीचं आईचं ताट बुकिंगमध्येच वगळून ‘दोन वेळा जेवण नको’ असं लिहिता येईल, माणशी दरात थोडी सूटही मिळू शकते.

जेवणाच्या क्रमाबद्दलही सांगायला हवं. आधी छोट्या छोट्या वाट्या येत राहतात आणि भात, सूप, लोणचं अगदी शेवटी येतं. भाताशिवाय लेकरांचं पोट भरत नसेल तर बसल्याबसल्या ‘गोहान ओ साकी नी’ म्हणा, भात आधी येईल. ताटापुढे छोट्या मातीच्या शेगडीवर मेणासारखी वडी पेटवून भांडं ठेवतात, तिची निळी ज्योत दिव्याच्या उजेडात दिसतही नाही. विझली असं समजून मूल भांड्याला हात लावतं. ती शेगडी मोठ्यांच्या बाजूला सरकवायला सांगा.

खोलीत छोट्या इलेक्ट्रिक भांड्यात खिचडी लावली तर चालेल का? तांदूळ-डाळ नेऊ.
– एक वाचक, बीड

चालणार नाही. खोलीत स्वयंपाक करायला मनाई असते. तातामी गवताची असते, त्यात फोडणीचा वास बसला की निघत नाही, आणि वाफेनं धोक्याची घंटा वाजू शकते. शिवाय आपलं भांडं तिथे चालणारही नाही. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची. आपलं १,००० वॅटचं, २३० व्होल्टचं भांडं तिथे जेमतेम १९० वॅट काढेल. पाणी कोमट होईल, खिचडी होणार नाही. मोबाइलचे चार्जर मात्र चालतात, त्यांना फक्त दोन चपट्या पिनांचं अ‍ॅडाप्टर लागतं. कच्चा तांदूळ, डाळ यांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं; ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं, फळं यांतली बरीचशी तर मुळीच नेता येत नाहीत. विमानतळावरच सोडून द्यावी लागतील, तेव्हा नेऊच नका. मांसाचे पदार्थ सुकवलेले असले तरी बंद. न्यायचेच तर धपाटे, दशम्या, कारळाची किंवा शेंगदाण्याची सुकी चटणी न्या. खोलीत गरम पाण्याची किटली असते, तिच्यातल्या पाण्यात उपमा किंवा पोह्यांचं तयार पाकीट होतं. रियोकानचं ताट मात्र न जेवता परत पाठवू नका, आधीच जेवण न घेण्याचा पर्याय निवडा.

आजीच्या कपाळावर आणि हातांवर गोंदण आहे. टॅटू असलेल्यांना आत घेत नाहीत असं वाचलं. बहिणीच्या हातावर लग्नातली मेंदीही असेल.
– एक वाचिका, धाराशिव

गोंदणाला असलेली ही मनाई गुंडांच्या टोळ्यांमुळे आली. टोळीतले लोक अंगभर गोंदतात, म्हणून स्नानगृहांनी सरसकट बंदी घातली. ती परंपरेच्या गोंदणालाही लागू होते. २०१३ मध्ये जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर न्यूझीलंडहून आलेल्या, माओरी या तिथल्या मूळनिवासी समाजातल्या एका महिलेला चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे स्नानगृहात प्रवेश नाकारला गेला आणि जपानमध्येच त्यावर बरीच चर्चा झाली. आता बऱ्याच ठिकाणी नियम सैल झालेत. किनोसाकी या गरम झऱ्यांच्या गावातल्या सार्वजनिक स्नानगृहांत गोंदण चालतं. इतरत्र हातावरचं लहान गोंदण त्वचेच्या रंगाच्या पट्टीनं झाकता येतं, कपाळावरचं झाकत बसू नका. आजीचा एक फोटो बुकिंगसोबत पाठवून ‘हे पारंपरिक आहे, चालेल का’ असं विचारा, किंवा सरळ राखून घेतलेलं कुंड घ्या. आजीला दारात उभं राहून कुणाला समजावावं लागू नये, एवढी काळजी मुक्कामाआधी घरच्यांनी घ्यायला हवी. मेंदी चार-आठ दिवसांत फिकटते, पण ताजी गडद मेंदी दुरून टॅटूच वाटते. त्याचंही आधी कळवून ठेवा.

दागिन्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो: चांदीची जोडवी आणि पैंजण गंधकाच्या पाण्यात काळी पडतात. चांदी आणि गंधक मिळून वर काळा थर चढतो. दागिना वाया जात नाही, पण सोनाराकडून उजळून घ्यावा लागतो. मंगळसूत्रही काढून खोलीतल्या तिजोरीत ठेवा. सोन्यातल्या तांब्या-चांदीमुळे त्याचा रंग उतरू शकतो. सौभाग्याचं लेणं काढवत नसेल तर कुसात्सूसारख्या गंधकी, आम्ल पाण्याच्या गावात जाऊ नका.

हाकोने, किनोसाकी, कुसात्सू... कुठलं निवडावं?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

पहिल्यांदा जाणाऱ्या, वयस्क माणसं आणि शाकाहारी ताट सोबत असलेल्या कुटुंबानं हाकोने निवडावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. टोकियोच्या शिंजुकूहून रोमान्सकार गाडी सुमारे ८५ मिनिटांत हाकोने-युमोतोला पोचते, परदेशी पाहुण्यांची सवय असलेली रियोकानं बरीच आहेत आणि इंग्रजीतल्या मागण्या नीट समजून घेतात. किनोसाकी सुंदर आहे: सात सार्वजनिक स्नानगृहं, युकाता हा सुती झगा आणि लाकडी खडावा घालून संध्याकाळी नदीकाठानं त्यांच्यात फिरायचं, आणि रियोकानमध्ये राहणाऱ्यांना सातही मोफत. पण तिथे ६ नोव्हेंबरपासून खेकड्याचा हंगाम सुरू होतो आणि मार्चपर्यंत गावातलं जवळजवळ प्रत्येक ताट खेकड्याचं असतं, दरही चढतात. माळकरी घरानं तेव्हा जाऊ नये. कुसात्सूचं पाणी पीएच २.१ च्या आसपास आहे, लिंबाच्या रसाच्या जवळपास आम्ल. कातडीवर ओरखडा असेल, लेकराला खरूज किंवा एक्झिमा असेल तर झोंबतं. डोळ्यांत जाऊ देऊ नका, नंतर साध्या पाण्यानं अंग धुवून घ्या. तिथे पाणी इतकं गरम येतं की लाकडी फळ्यांनी ढवळून थंड करतात, ती रीत पाहण्यासारखी आहे. गावात रेल्वे स्टेशन नाही, नागानोहारा-कुसात्सुगुची या स्टेशनाहून बस धरावी लागते.

उन्हाळी सुटीत जाणार असाल तर २९ एप्रिल ते ५ मे टाळा, तेव्हा अख्खा जपान सुटीवर असतो. ६ मे नंतर दर उतरतात आणि हवाही छान असते. जूनमध्ये पाऊस लागतो.

माझे गुडघे धरतात. जमिनीवरच्या गादीवरून उठवत नाही. आणि युकाता कशी नेसायची?
– एक वाचक, हिंगोली

‘वा-योशित्सु’ मागा: चटयांच्या खोलीला जोडून पलंग असलेली खोली. न मिळाल्यास फुतोन गाद्या दोन एकावर एक घालून मिळतात. जेवणासाठी खुर्ची-टेबलाची विनंती करा, ती बहुतेक मान्य होते. स्नानगृहात उंच स्टूलही मागता येतं.

युकाता घालताना डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलटी बाजू फक्त मृताला घालतात, त्यामुळे चूक झाली की कर्मचारी धावत येऊन दुरुस्त करतात. पट्टा पुरुषांनी कमरेच्या खाली, बायकांनी कमरेवर बांधायचा. चटईवर चपला, बूट आणि घसपटत आणलेली बॅग यांना जागा नाही, बॅग दाराशी लाकडी जमिनीवर ठेवा. शौचालयाच्या चपला वेगळ्या असतात, त्या घालून परत खोलीत येऊ नका.

मोठ्या बॅगा मुळात रियोकानला नेऊच नका. लहान स्टेशनांवर जिने असतात, आणि टोकियो-ओसाका मार्गावरच्या टोकाइदो शिंकान्सेन या वेगवान रेल्वेत लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंटीमीटरच्या वर असलेल्या बॅगेला आधी जागा राखावी लागते. टोकियोच्या हॉटेलातूनच त्या पुढच्या मुक्कामाच्या हॉटेलला कुरियरनं पाठवा. साधारण २,००० ते ३,००० येनांत एक बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. सोबत एका रात्रीचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट तेवढे ठेवा. परदेशी पाहुण्यांचा पासपोर्ट पाहून नोंद घेणं रियोकानला कायद्यानंच लागतं, तो चुकूनही त्या बॅगेत जाऊ देऊ नका.